दोन बाप, एक पिल्लू

गेल्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातल्या एका महिला बचत गटाची सहल मुंबईला निघाली आणि बायकांच्या आग्रहामुळे मीही बरोबर गेलो. गट कुक्कुटपालनाचा. त्यामुळे मंत्रालय, समुद्र, चौपाटी हे सारे पाहून झाले तरी त्यांचे खरे लक्ष पाखरांकडे. भायखळ्याच्या राणीच्या बागेत (आता तिला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात) पेंग्विन पाहायला आम्ही तासभर रांगेत उभे राहिलो. बाहेर अंगाची लाही होत होती. आत काचेपलीकडे गारव्यात ते पक्षी वरातीला निघालेल्या पाहुण्यांसारखे डुलत डुलत चालले होते. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एवढ्यात गटातल्या सर्वांत जाणत्या आक्कांनी मला विचारले, "सायेब, ह्यातला कोंबडा कंचा आन् कोंबडी कंची?"

मंडळी, मी बी.एस्सी. शेतकी झालेला माणूस. तीस वर्षे गावोगाव फिरून लोकांच्या शंकांना उत्तरे दिली. पण त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. मी काचेला नाक लावून पाहिले. तुरा नाही, कल्ले नाहीत, शेपटीचा झुबका नाही, रंगात फरक नाही. सगळे एका साच्यातून काढल्यासारखे. आक्का म्हणाल्या, "म्हंजे तुमालाबी कळंना!" गावी आल्यावर या पक्ष्याबद्दल मिळेल ते वाचायला घेतले आणि त्यात मी पुरता गुंतलो. त्या वाचनातून जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो आहे. विषय थोडा वेगळा आहे, पण घरात सर्वांनी बसून वाचायला हरकत नाही.

आक्कांच्या प्रश्नाने माझ्यापेक्षा मोठमोठ्या लोकांची फजिती केलेली आहे. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात एक प्राणिसंग्रहालय आहे. शंभरेक वर्षांपूर्वी तिथे राजा पेंग्विन जातीचे पक्षी पाळले होते. व्यवस्थापकांनी त्यांना माणसांची नावे दिली. अँड्र्यू, बर्था, कॅरोलाइन, डोरा, एरिक. काही वर्षांनी अंडी-पिल्ले होऊ लागली तेव्हा साराच घोळ उघडकीस आला. अँड्र्यू मादी निघाली, तिला 'अ‍ॅन' म्हणावे लागले. बर्था आणि कॅरोलाइन हे दोघे नर, त्यांचे बर्ट्रँड आणि चार्ल्स झाले. एरिकची एरिका झाली. पाचांतली एकटी डोरा तेवढी पहिल्यापासून बरोबर होती! आजकाल पिसातून किंवा रक्ताच्या थेंबातून तपासणी करून नर-मादी ठरवतात. एक दिवसाच्या कोंबडीच्या पिलातली नर-मादी ओळखणारे कारागीर आपल्या उबवणी केंद्रांत असतात, पण पेंग्विनपुढे नुसत्या नजरेचा भरवसा धरता येत नाही.

नर-मादी इतके सारखे का? एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या गावठी कोंबडीचा संसार एकटीचा असतो. कोंबडा आरवतो, दाणे दिसले की बोलावतो, भांडतो, पण एकवीस दिवस अंड्यांवर बसण्याची वेळ आली की त्याचा पत्ता नसतो. पिलांना पंखाखाली घेणारी, घारीच्या अंगावर धावून जाणारी तीच. हे तिला एकटीला जमते, कारण तिचे पिल्लू अंड्यातून निघाले की दुसऱ्या दिवशी स्वतः चोच मारून खाते. पेंग्विनचे तसे नाही. त्याचे अन्न समुद्रात, घरटे काठावर, आणि पिल्लू कित्येक आठवडे आयते भरवावे लागते. अंडे टाकून एकटीने समुद्रावर जावे तर ते गारठून मरते, नाहीतर शिकारी पक्षी पळवतात. न जावे तर आपणच उपाशी. तेव्हा दोघे असल्याखेरीज हा संसार उभाच राहत नाही. एक बसतो, दुसरा समुद्रावरून पोट भरून येतो, मग पाळी बदलते. कबुतराच्या जोडीत तुम्ही हे पाहिले असेल. नर-मादी दोघे आळीपाळीने बसतात आणि दोघांच्याही गळ्याखालच्या पिशवीत पिलासाठी दुधासारखे खाद्य तयार होते.

जेंटू नावाची पेंग्विनची एक जात आहे. डोक्यावर पांढरी पट्टी, चोच नारिंगी. ही जात दगडगोट्यांचे घरटे करते. नर चोचीत एक खडा आणतो, वाकून जोडीदारापुढे ठेवतो. दुसऱ्याला पसंत पडला तर तो घरट्यात लागतो. चांगल्या खड्यांची टंचाई असली की शेजाऱ्याच्या घरट्यातले खडे चोरायलाही ही मंडळी कमी करत नाहीत. बांध कोरणारे शेजारी फक्त आपल्याकडेच असतात असे समजू नका. मग साधारण दोन अंडी होतात. सुमारे पाच आठवडे दोघे पाळीपाळीने ती उबवतात. पाळी बदलताना एकमेकांना वाकून नमस्कार केल्यासारखे करतात आणि माना वर करून ओरडतात. आवाजावरून जोडीदार जोडीदाराला ओळखतो. हजारोंच्या थव्यात सगळे सारखे दिसत असताना ओळख पटवायला तो आवाज कामी येतो. पिल्लू बाहेर आले की दोघेही पोटातले अर्धवट पचलेले मासे आणि झिंग्यासारखे बारके जीव उलटून त्याच्या चोचीत घालतात.

सम्राट पेंग्विनचा बाप तर याच्याही पुढे. अंटार्क्टिकाच्या ऐन हिवाळ्यात मादी एकच अंडे घालते, ते नराच्या पायावर सोपवते आणि समुद्राकडे निघून जाते. नर ते पावलांवर घेऊन वर पोटाची घडी पांघरतो आणि सुमारे पासष्ट दिवस अन्नाचा कण न खाता उभा राहतो. पिल्लू मादी येण्याआधीच निघाले तर गळ्यातून दुधासारखा पांढरा रस काढून त्याला पाजतो. पुरुषमंडळींनी हा परिच्छेद दोनदा वाचला तरी चालेल.

सांगायचे ते हे की पेंग्विनच्या घरात बापाचे काम आणि आईचे काम अशी वेगळी वाटणी फारशी नाही. अंडे घालणे हे तेवढे एकट्या मादीचे. बाकी बसणे, राखण करणे, भरवणे हे जो पाळीवर असेल त्याचे. आणि असे असेल तर पुढचा प्रश्न आपोआपच उभा राहतो. दोघेही नर असले तर?

हा प्रश्न न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला. तिथल्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयात चिनस्ट्रॅप जातीचे दोन नर होते. हनुवटीखाली टोपीच्या बंदासारखी काळी रेघ असते म्हणून त्या जातीला ते नाव पडले. एक रॉय, दुसरा सायलो. १९९८ च्या सुमारास ते दोघे सतत बरोबर दिसू लागले. माना एकमेकांत गुंफत, जोडीने पोहत, जोड्या जसे साद घालतात तशी साद घालत. माद्यांकडे ते फिरकत नसत. इतर जोड्यांचे पाहून त्यांनीही घरटे केले. आता अंडे कुठून आणणार? तेव्हा त्यांनी अंड्याच्या आकाराचा एक दगड आणून घरट्यात ठेवला आणि त्याच्यावर पाळीपाळीने बसू लागले.

तुमच्या घरी कोंबडी खुडूक झाली म्हणजे काय करते हे तुम्हाला ठाऊक आहे. अंडी काढून घेतली तरी ती रिकाम्या पाटीत फुगून बसते, हात घातला तर टोचते. घरातली शहाणी बाई अशा कोंबडीला पाण्यात बुडवत नाही. शेजारणीकडून चार अंडी आणून तिच्याखाली सारते. बदकाची अंडीसुद्धा अशीच कोंबडीखाली अठ्ठावीस दिवस ठेवून उबवलेली मी पाहिली आहेत. पिले पाण्यात उतरली की ती बिचारी काठावर जिवाच्या आकांताने ओरडत धावते. पण वाढवते मात्र स्वतःची म्हणूनच. न्यूयॉर्कच्या त्या संग्रहालयातल्या सेवकाने नेमके हेच केले. एका दुसऱ्या जोडीला दोन अंडी झाली होती आणि दोन पिले पोसणे तिला जमत नसे. त्यातले एक उचलून त्याने दगडाच्या जागी ठेवले. रॉय आणि सायलो चौतीस दिवस बसले. पिल्लू निघाले, ते मादी होते. तिचे नाव ठेवले टँगो. पुढे अडीच महिने दोघांनी तिला ऊब दिली, भरवले आणि ती आपल्या पायांवर उभी राहिली.

या गोष्टीवर २००५ साली लहान मुलांसाठी 'अँड टँगो मेक्स थ्री' नावाचे चित्रांचे पुस्तक निघाले आणि माणसांत मात्र जुंपली. मुलांच्या हाती हे पुस्तक देऊ नये अशा तक्रारी अमेरिकेतल्या ग्रंथालयांकडे इतक्या गेल्या की २००६ ते २०१० या काळात बहुतेक वर्षी सर्वाधिक तक्रारींच्या पुस्तकांत त्याचा पहिला नंबर लागला. सिंगापूरच्या सरकारी ग्रंथालयाने २०१४ साली ते मुलांच्या विभागातून काढले. लोक चिडल्यावर ते नष्ट न करता मोठ्यांच्या कपाटात ठेवण्यात आले. इकडे रॉय-सायलोला याची काही खबर नव्हती. आणि गंमत पाहा, ज्या वर्षी पुस्तक आले त्याच वर्षी त्या दोघांची जोडी फुटली. कॅलिफोर्नियातून आलेल्या स्क्रॅपी नावाच्या मादीबरोबर सायलोने घरटे केले. रॉय एकटा पडला. ज्यांनी या दोघांना डोक्यावर घेतले होते ते खट्टू झाले, ज्यांना ते खुपत होते त्यांना बोलायला तोंड मिळाले. टँगो मोठी झाल्यावर तिने एका मादीबरोबरच जोडी केली. पाखरे आपल्या वादासाठी जगत नसतात. त्यांच्याकडून आपल्या बाजूची साक्ष काढायला गेले की अशी फजिती होते.

जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनच्या संग्रहालयातली हकीकतही थोडक्यात सांगतो, कारण तिथले पेंग्विन हंबोल्ट जातीचे, म्हणजे आपल्या राणीच्या बागेतल्या पेंग्विनांचे भाऊबंद. ही जात बर्फातली नव्हे. पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर ती राहते. मुंबईत २०१६ साली दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ पक्षी आणले ते याच जातीचे. ब्रेमरहाफेनला नरांच्या जोड्या दगड उबवत बसलेल्या पाहून २००५ साली अधिकाऱ्यांनी स्वीडनहून चार माद्या मागवल्या. जात दुर्मिळ होत चाललेली, वंश वाढला पाहिजे, हा त्यांचा हिशेब. आपण गाय दाखवायला वळूकडे नेतो तसाच. लोकांनी आरडाओरडा केला, पण त्याची गरजच नव्हती. नरांनी त्या माद्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. २००९ साली एका जोडीने आपले अंडे घरट्याबाहेर टाकले. सेवकांनी ते नरांच्या एका जोडीच्या घरट्यात ठेवले. त्यांनी ते उबवले आणि पिल्लू वाढवले. वंश वाढायचा तो असा वाढला. टाकून दिलेल्या अंड्यातला जीव वाचला, हे पशुपालनाच्या हिशेबाने काही कमी नाही.

आता सिडनीची हकीकत. माझ्या मनात घर करून राहिली ती हीच. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात समुद्रजीवांचे एक मोठे मत्स्यालय आहे. तिथे जेंटू पेंग्विनांचा थवा आहे. त्यात स्फेन आणि मॅजिक असे दोन नर. स्फेन वयाने मोठा, मॅजिक लहान. २०१८ च्या विणीच्या हंगामाआधी सेवकांच्या लक्षात आले की हे दोघे एकमेकांना वाकून नमस्कार करतात, साद घालतात, बरोबरच हिंडतात. मग खडे गोळा होऊ लागले. एक आणून ठेवी, दुसरा लावी. होता होता त्यांचे घरटे इतरांपेक्षा मोठे झाले.

सेवक शहाणे होते. त्यांनी एकदम खरे अंडे दिले नाही. आधी खोटे, बनावट अंडे ठेवून पाहिले. आपणही नवख्या कोंबडीला चांगली अंडी देण्याआधी ती टिकून बसते का हे दोन दिवस पाहतो, त्यातलाच हा प्रकार. दोघे मन लावून बसले. एक अंड्यावर, दुसरा घरट्याभोवती फिरून राखण करणार, कोणी खडा उचलायला आले तर हाकलणार, मग पाळी बदलणार. बनावट अंड्याची एवढी काळजी पाहिल्यावर एका जोडीच्या दोन अंड्यांपैकी एक खरे अंडे त्यांना दिले. १९ ऑक्टोबर २०१८ रोजी पिल्लू निघाले. वजन ९१ ग्रॅम, म्हणजे आपल्या एक दिवसाच्या कोंबडीच्या पिलाच्या दुपटीहून जास्त. दोघांनी पाळीपाळीने भरवून ते मोठे केले. २०२० साली त्यांना दुसरे अंडे देण्यात आले, तेही पिल्लू जगले. त्याचे नाव क्लॅन्सी.

प्रत्येक वेळी असे यश येतेच असे नाही. बर्लिनला २०१९ साली स्किपर आणि पिंग या दोन राजा पेंग्विन नरांना एक टाकलेले अंडे मिळाले. त्याआधी ते दगड, एवढेच काय मासासुद्धा उबवायला बघत. अंडे मिळाल्यावर पायांवर घेऊन महिनाभराहून जास्त जिवापाड जपले. सप्टेंबरात ते फुटले. ते मुळात फलितच झालेले नसावे. अंधाऱ्या खोलीत बॅटरीच्या उजेडावर अंडी धरून पाहणाऱ्या कुठल्याही बाईला हे दुःख माहीत आहे. कोंबडी कितीही चांगली असली तरी वांझ अंड्यातून पिल्लू निघत नाही. दोष बसणाऱ्याचा नसतो.

तुम्ही म्हणाल, ही सारी पिंजऱ्यातली थेरं. कोंडलेल्या जनावराला काय, मिळेल तो जोडीदार. शंका रास्त आहे आणि ती मलाही आली. म्हणून रानातली हकीकत शोधली.

कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत जॉर्ज मरे लेविक नावाचे डॉक्टर होते. १९११-१२ च्या उन्हाळ्यात केप अ‍ॅडेअर या ठिकाणी अ‍ॅडेली पेंग्विनांचा पूर्ण विणीचा हंगाम त्यांनी जवळून पाहिला. नरांची नरांशी जवळीक त्यांना दिसली, आणखीही पुष्कळ काही दिसले. ते सगळे या अंकात लिहिण्याजोगे नाही. डॉक्टर इतके ओशाळले की वहीतला तो भाग त्यांनी ग्रीक अक्षरांत लिहिला, म्हणजे ऐऱ्यागैऱ्याला वाचता येऊ नये. परत आल्यावर पेंग्विनांवर पुस्तक काढले, पण हा भाग त्यातून गाळला. १९१५ साली त्याच्या फक्त शंभर प्रती वेगळ्या छापल्या आणि वर छापले, 'प्रसिद्धीसाठी नाही'. तो कागद पुढे विस्मृतीत गेला. इंग्लंडच्या संग्रहालयात तो पुन्हा हाती लागून प्रसिद्ध व्हायला २०१२ साल उजाडले. शंभर वर्षे! पक्ष्यांनी काही लपवले नव्हते, पाहणाऱ्याला लाज वाटली म्हणून लपले.

हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला केर्गुलेन नावाची बेटे आहेत. तिथल्या राजा पेंग्विनांवर फ्रेंच संशोधकांनी केलेले काम २०१० साली प्रसिद्ध झाले. जोडी जमवताना नखरे करणाऱ्या ५३ जोड्या त्यांनी तपासल्या. त्यातल्या चौथ्या हिश्शाहून थोड्या अधिक जोड्या एकाच लिंगाच्या निघाल्या. पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. एकमेकांचा आवाज ओळखण्यापर्यंत मजल गेलेल्या अशा जोड्या दोनच होत्या, आणि तेही पक्षी पुढे विरुद्ध लिंगाच्या जोडीदाराबरोबर दिसले. त्या थव्यात नर जास्त, माद्या कमी. तेव्हा रानातल्या राजा पेंग्विनांत हे सर्रास आणि जन्मभराचे चालते असे कोणी सांगितले तर ते खरे नव्हे. आणि रानात हे मुळीच नाही असे सांगितले तर तेही खरे नव्हे.

कायमची जोडी पाहायची तर पेंग्विन सोडून दुसऱ्या एका समुद्रपक्ष्याकडे जावे लागते. हवाईमधल्या ओआहू बेटावर लेसन अल्बाट्रॉस नावाचे मोठे पांढरे पक्षी वीण घालतात. तिथे नर कमी आहेत. १२५ जोड्या तपासल्यावर ३१ टक्के जोड्यांत दोघीही माद्या आहेत असे २००८ साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या कुठल्या तरी नराकडून अंडे धरते, पण संसार दोघी मिळून करतात. त्यांची पिले नर-मादीच्या जोडीइतकी जगत नाहीत, हे खरे. पण एकटीला तर एकही पिल्लू वाढवता येत नाही. तेव्हा दोघींनी मिळून केलेला संसार हा काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरा. हे वाचताना मला आमच्या आळीतल्या दोघी जावा आठवल्या. दोघींचे नवरे एकाच पावसाळ्यात गेले. दोघींनी एका चुलीवर चार पोरे वाढवली, एक जण शेतावर, एक जण घरी. दोन्हींत फरक आहे, तो मला कळतो. पण पाळीने काम करण्याची रीत तीच.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसलो.

गेल्या वर्षी ठिबकच्या अनुदानाचे कागद घेऊन एक शेतकरी माझ्याकडे आले. साठीचे गृहस्थ, चार एकर बागायत, गावात मान. कागद पुरे झाले तरी उठेनात. चहा मागवला. चहा गार झाला. मग खाली मान घालून म्हणाले, "सायेब, तुमी शिकल्यालं. एक इचारू का? थोरला पुण्याला असतो. लगीन करनार न्हाई म्हनतो. मित्रासंगं ऱ्हातो. त्याच्यासंगंच ऱ्हानार म्हनतो. भावकीत समदी म्हनत्यात, ह्ये निसर्गाच्या इरुद्ध हाय. आसं निसर्गात कुटं असतंय का?"

मंडळी, त्यांनी मला पोराचे काय करू असे विचारले नव्हते. विचारले होते ते माझ्या खात्यातले. निसर्गात असते का? त्याचे उत्तर देणे हे माझे कामच.

'निसर्गक्रमाविरुद्ध' हे शब्द आपल्या देशात नुसते भावकीच्या तोंडी नव्हते, इंग्रजांनी ते १८६० च्या दंड संहितेत, कलम ३७७ मध्ये लिहून ठेवले होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी निकाल दिला की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने ठेवलेले असे संबंध हा गुन्हा नव्हे. त्याच हंगामात तिकडे सिडनीत स्फेन आणि मॅजिक आपले घरटे रचत होते. निकालानंतर सहा आठवड्यांनी त्यांचे पिल्लू निघाले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. मला तारखा पाहताना ते जाणवले इतकेच.

मी त्या गृहस्थांना म्हणालो, "दादा, मी पिकापाण्याचा माणूस. तुमच्या मुलाच्या मनातले मला सांगता यायचे नाही. आणि पेंग्विन करतो म्हणून माणसाने करावे असेही मी म्हणणार नाही. पेंग्विन शेजाऱ्याचे दगडही चोरतो. पण निसर्गात हे नाही, असे जर कोणी तुम्हाला सांगत असेल, तर ते चूक आहे. हे निसर्गात आहे, पाहिलेले आहे, मोजलेले आहे." मग त्यांना सिडनीच्या जोडीची सारी हकीकत सांगितली. खडे, बनावट अंडे, पाळ्या, सगळे.

ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारले, "पिल्लू जगलं का?"

"जगले," मी म्हणालो. "दोन जगली."

"काय वजनाचं होतं म्हनालात?"

"एक्क्याण्णव ग्रॅम."

त्यांनी मान हलवली. कागदांची पिशवी काखेत मारली आणि एसटी चुकेल म्हणून निघाले. दिवाळीनंतर बाजारात भेटले तेव्हा थोरला चार दिवस येऊन गेला एवढे म्हणाले. बरोबर कोणी होते का, हे मी विचारले नाही. त्यांनीच आपण होऊन सांगितले की द्राक्षाच्या छाटणीला दोन हात जास्तीचे मिळाले, छाटणी एक दिवस आधी उरकली.

आक्कांचा प्रश्न मात्र माझ्याकडे तसाच राहिला होता. त्यांच्या शेडवर लसीकरणाला गेलो तेव्हा मी त्यांना एडिंबऱ्याच्या अँड्र्यूची आणि एरिकची गोष्ट सांगितली. पोट धरधरून हसल्या. मग स्फेन-मॅजिकची सांगितली. त्या वेळी त्यांच्या मांडीवर खुडूक कोंबडी होती, तिच्या पोटाखालची पिसे त्या हाताने चाचपून पाहत होत्या. म्हणाल्या, "अवो, ऊब लागती. अंड्याला काय कळतंय कुनाची हाय ती."

मी त्यांना सांगितले नाही ते तुम्हाला सांगतो. स्फेन ऑगस्ट २०२४ मध्ये वारला. बाराव्या वाढदिवसाला थोडेच दिवस राहिले होते, पेंग्विनच्या मानाने चांगले आयुष्य. जोडीदार परत येणार नाही हे मॅजिकला कळावे, तो त्याला शोधत राहू नये, म्हणून सेवकांनी त्याला स्फेनजवळ नेले. मॅजिकने पाहिले आणि मान वर करून साद घालायला सुरुवात केली, पाळी बदलताना घालतात तशी. थोड्या वेळाने थव्यातल्या बाकीच्या पेंग्विनांनीही त्याच्या आवाजात आवाज मिसळला.